सात नंबरचा बिल्ला

ता. ४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं यांस,
तुमच्या वहिनीचा नमस्कार.

अक्षर ओळखलं असेल. बारा वर्षांनी पत्र आलं म्हणून घाबरू नका, इकडे सगळे जिवंत आहेत. तुमच्या दादांना गुडघ्यांनी धरलंय, पण ते कबूल करत नाहीत. लेक वीस वर्षांची झाली, छापखान्यात कामाला जाते. तिच्या आत्यासारखीच सरळ ताठ चालते. तुमचा पत्ता तुमच्या वॉर्डातल्या जुन्या आयाबाईंनी दिला. तुम्ही तिकडे वृद्धाश्रमात धुलाईच्या कपड्यांवर असता, असं त्या म्हणाल्या. नर्सचं काम का नाही, ते मी त्यांना विचारलं नाही.

पत्राचं कारण वेगळं आहे. समोरच्या हॉस्पिटलबद्दल लिहायचं आहे. ते बंद होऊन आता नऊ वर्षं झाली. पुलापलीकडे नवीन झालं, खाटा तिकडे गेल्या, हे निकामी झालं. खिडक्यांच्या काचा मुलांनी फोडल्या, दारं कुणी कुणी नेली. मे महिन्यात पाडणार म्हणतात. पण लोकांना अजून ते सोडवत नाही. त्याच्याबद्दल भुतांच्या गोष्टी निघाल्या आहेत. दूधवाली तर रोज मापाबरोबर एक गोष्ट ओतून जाते.

"परवा पुन्हा दिसली बरं का, बाई."

"कोण?"

"सात नंबरवाली. डोकं पांढरंफेक. तोंडानं काहीतरी पुटपुटत होती."

"तू पाहिलीस?"

"मी कशाला पाहू? माझ्या जावेच्या भावानं पाहिली."

"बरं. जावेच्या भावाला म्हणावं, भूत राहू दे, तुझ्या बहिणीच्या जावेच्या दुधात पाणी दिसतं का बघ."

अशा गोष्टी. वरच्या मजल्यावर स्ट्रेचरची चाकं वाजतात म्हणतात. तो छपराचा सुटलेला पत्रा आहे, मी ओट्यावरून रोज बघते. खोल्यांमधून मध्येच फिनेलचा ताजा वास येतो म्हणतात. त्याचं मी काही सांगत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट बिल्ल्याची. लेकीला ती समजेना, मग मला तिला सगळं सांगावं लागलं: आत शिरताच उजव्या भिंतीवर फळा, फळ्यावर खिळे, प्रत्येक खिळ्याला एकेका नर्सचा पत्र्याचा गोल बिल्ला, त्यावर नंबर. एक बाजू पांढरी, एक लाल. नर्स वॉर्डात असली की पांढरी बाजू वर. पंधरा मिनिटांसाठी बाहेर गेली की जाताना बिल्ला लाल करायचा. लाल दिसला की शेजारच्या वॉर्डातली नर्स येऊन लक्ष ठेवायची. सात नंबर तुमचा, एवढं मात्र तिला सांगितलं नाही.

लोक म्हणतात, तो एक बिल्ला अजून फिरतो. आज पांढरा पाहिला तर चार दिवसांनी लाल दिसतो, लाल पाहिला तर पांढरा.

मला भुताखेतांचं काही नाही. देवावर विश्वास आहे, त्यामुळे बाकीच्यांची गरज पडत नाही. शिवाय मी तिकडे पाऊलही टाकत नाही. पण लेकीनं काल छापखान्यातून प्रुफं घरी आणली. निवृत्त मास्तर आहेत ना, नाक्यावरचे, त्यांनी या सगळ्या गोष्टी गोळा करून पुस्तक केलंय. लेक कौतुकानं म्हणाली, "आई, आपल्या समोरचंच आहे, वाच." तिला ठाऊक नाही की सात नंबर म्हणजे तिची आत्या. ती आठ वर्षांची होती तेव्हा.

त्यात काय छापलंय ते जसंच्या तसं उतरवते. "सात नंबरच्या नर्सनं एका वृद्ध रुग्णाला एकटं टाकलं आणि बिल्ला पांढराच ठेवून सर्वांना फसवलं. वृद्ध खाटेवरून पडून दगावला. चौकशीत ती अखेरपर्यंत खोटं बोलली. पुढे तिनं विष घेतलं. तिचा अतृप्त आत्मा आजही आपला बिल्ला फिरवायला येतो."

तर तुम्ही वारलात, असं आहे. मी कडेला पेन्सिलीनं लिहिलं, "जिवंत आहे." लेकीनं विचारलं, तुला काय माहीत? मी म्हटलं, भांडी घासायची राहिलीत.

तुम्हाला कळवावं वाटलं, म्हणून कळवलं. तब्येतीला जपा.

तुमची,
वहिनी


ता. १७ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं. पण पाकिटात दुसरं कोरं पाकीट तिकीट लावून घातलं होतं, ते वाया जायला नको, एवढंच.

मी मास्तरांकडे जाऊन आले. दोन वाजता गेले, ते वामकुक्षीतून नुकतेच उठलेले, चष्मा शोधत होते. चष्मा डोक्यावर होता. मी सांगितला नाही, म्हटलं, शोधू दे, तेवढं बोलायला वेळ मिळेल.

"मास्तर, ते सात नंबरचं पान काढा."

"वहिनी, अहो तेच तर पुस्तक! ते काढलं तर उरतं काय? छपराचा पत्रा?"

"ती बाई जिवंत आहे."

"मग तर छानच. विषाची ओळ काढतो. पण खोटं बोलली हे तर रजिस्टरात आहे. मोठ्या सिस्टरांचा शेरा आहे, दोघींची साक्ष आहे, बिल्ला पांढरा होता म्हणून. ते म्हातारे घड्याळजी खाटेवरून पडून गेले हे तर खरं ना?"

"घड्याळजी गेले ते खरं."

"मग?"

मास्तर चांगला माणूस आहे. चष्मा सापडला तेव्हा त्यांनी तो लावून माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाले, "वहिनी, तुम्हाला काही वेगळं माहीत असेल तर एका कागदावर लिहा आणि खाली सही करा. मी शब्द बदलीन. सहीशिवाय नाही. मी मास्तर आहे, कॉपी चालू देत नाही."

मी म्हटलं, विचार करते. घरी आले. वाटेत कांद्याचा भावही विचारला नाही, यावरून काय ते समजा.

आता एक सांगते, कारण ते मागच्या पत्रात चुकीचं लिहिलं. मी हॉस्पिटलात पाऊल टाकत नाही असं लिहिलं, ते खरं नाही. मी जाते. दर मंगळवारी, दुपारी, जेवणं झाल्यावर. मागच्या भिंतीला मोठं भोक पडलंय, तिथून. बाटलीत फिनेल नेते आणि फळ्याच्या आसपासची जागा पुसते, तो वास. जळमटं केसात पडू नयेत म्हणून डोक्याला पांढरं फडकं बांधते. हातात जपाची माळ असते, पुसता पुसता नाव घेते, ते पुटपुटणं. दूधवालीच्या जावेच्या भावानं मला पाहिलं. एकदा वाटलं, तिला सांगावं की सात नंबरवाली म्हणजे मीच. पण मग ती पैसे मागायला दाराशी यायची बंद झाली असती आणि बिल वाढत गेलं असतं.

आणि जाताना मी बिल्ला लाल करते. दर मंगळवारी. तुम्ही तेव्हा बाहेर होता, म्हणून लाल.

आता जे लिहिते ते वाचून हसू नका. मला भुताखेतांचं काही नाही, असं मी मागे लिहिलं. पण वन्सं, मी लाल केलेला बिल्ला पुढच्या मंगळवारी पांढरा असतो. नऊ वर्षांत एकदाही चुकला नाही. वारा म्हणावं तर वारा इतका नेमाचा नसतो. आधी वाटलं, मुलं असतील. मुलं फोडतात, नीट करून ठेवत नाहीत. मग मी काय समजायचं ते समजले. घड्याळजी. त्यांना सगळं वेळेवर लागायचं, आठवतं ना? औषध दोन मिनिटं उशिरा आलं तर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे. ते जातात, आणि मी लाल केलेला बिल्ला पांढरा करतात, म्हणजे मला सांगतात की खोटं खोटंच राहील. मी देवापुढे दिवा लावून हे विचारलं. गोड खाणं सोडलं, त्यालाही अकरा वर्षं झाली, घरात सगळ्यांना सांगितलंय की दातांमुळे. बिल्ला पांढराच.

जास्त लिहीत नाही. दादांना या पत्रांचं माहीत नाही.

वहिनी


ता. १ मार्च

वन्सं,

आज सरळ लिहिते. पाकीट आज फोडलं नाहीत तरी ठेवा, कधीतरी फोडा.

तो दिवस तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे, पण मी माझ्या बाजूनं लिहिते. लेकीच्या पायात खिळा गेला होता. पाय सुजला होता, पण एवढा नाही. रांगेत उभं राहिलं असतं, केसपेपर काढला असता, तरी चाललं असतं. पण समोरच आपली माणसं असताना रांग कशाला, हा माझा विचार. केसपेपरचे पैसे वाचवायचे होते, ते मी कुणाला बोलले नाही. मी तुम्हाला बोलवायला आले. तुम्ही वॉर्डातून आलात, म्हणालात, "पाच मिनिटांत बांधून देते, चला वहिनी." पुढे निघालात. फळ्यापाशी तुमचा हात गेला आणि तुम्ही पायऱ्या उतरलात. मी मागे होते.

फळ्यावर सगळे बिल्ले पांढरे. अकरा की बारा. एकच लाल, मध्ये. मला वाटलं, जाता जाता तुमचा हात लागून तो फिरला. त्या लाल-पांढऱ्याचा अर्थ मला तेव्हा माहीत नव्हता, तुमच्या दादांनी कधी सांगितला नव्हता, मी कधी विचारला नव्हता. रांगेत एकच वेगळा दिसला तर माझा हात थांबत नाही. तुम्हाला माहीत आहे, मी दुसऱ्याच्या घरातसुद्धा वाकडी तसबीर सरळ करते. मी तो पांढरा केला. दोन बोटांनी. आणि तुमच्या मागे आले.

तुम्ही लेकीचा पाय बांधत होतात तेव्हा शेजारच्या वॉर्डातल्या नर्सनं फळ्याकडे पाहिलं असेल, पांढरा दिसला, ती आली नाही. घड्याळजी उठायला गेले.

चौकशीच्या दिवशी मोठ्या सिस्टरांनी तो लाल-पांढऱ्याचा नियम मोठ्यानं वाचला. तेव्हा मला कळलं. मी तिथं बाकावर बसले होते, लेक मांडीवर. तुम्ही म्हणालात, "मी लाल केला होता." दोन नर्सनी सांगितलं, पांढरा होता. मग सिस्टरांनी मला विचारलं, "तुम्ही मागोमाग निघालात ना? बिल्ला कसा होता?"

मी म्हटलं, "माझं लक्ष नव्हतं."

एवढं एकच वाक्य. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं का? हे मला बारा वर्षं विचारायचं होतं. मग दादा तुम्हाला घरी म्हणाले, "या घरात आजवर खोटं बोललेलं कुणी नाही. तू पहिली." मी स्वयंपाकघरात पीठ मळत होते. ते पीठ इतकं मळलं की चिवट झालं. तुम्ही त्याच संध्याकाळी बॅग भरलीत.

का नाही सांगितलं, याची कारणं मी बारा वर्षं तयार ठेवलीत. माणूस गेला होता, पोलीस येतील असं वाटलं. दादा तिथंच स्टोअरमध्ये कारकून होते. लेक लहान. सगळी कारणं खरी आहेत आणि एकही पुरत नाही. मी देवाला सगळं सांगितलं होतं. पण देवाला सांगणं सोपं असतं. तो पुढे कुणाला सांगत नाही.

आता काल काय झालं ते.

मास्तरांनी निरोप पाठवला की सोमवारी छपाई सुरू होणार. माझी सही झाली नव्हती. मी मंगळवारपर्यंत थांबू शकले नाही, शनिवारीच दुपारी गेले, कधी नव्हे ते. फडकं बांधलं, फिनेल घेतलं. बिल्ला लाल होता, मी मंगळवारी केलेला. मनात म्हटलं, आज इथंच उभी राहते, काय करायचं ते माझ्यासमोर करा.

आणि पावलं वाजली, वन्सं. आतल्या बाजूनं, बारा नंबरच्या खोलीकडून. सावकाश, एक पाय किंचित ओढून. माळ हातातून पडली. मी भिंतीला चिकटले. कोपऱ्यावरून एक बाई वळली आणि माझं पांढरं डोकं बघून ती जी किंचाळली, की कबुतरं उडाली सगळी. मीही किंचाळले.

"कोण आहेस तू?"

"आधी तू सांग!"

"जिवंत आहेस का?"

"गुडघे दुखतात माझे," मी म्हटलं. "मेल्यावर दुखतात का?"

तिनं छातीवर हात ठेवला. मग मी ओळखलं. घड्याळजींची मुलगी. बाजारामागे कपडे शिवते ती. तिच्यासमोर उभं राहायला नको म्हणून मी बारा वर्षं लेकीचे कपडे दूरच्या, महागड्या शिंप्याकडे टाकले. त्यावरून समजा.

ती म्हणाली, "तू इथे काय करतेस?"

"फडकं मारते."

"इथे? मला वाटलं, माझंच डोकं फिरलंय." आणि पुढे होऊन तिनं, माझ्या डोळ्यांसमोर, तुमचा बिल्ला पांढरा केला. अंगठ्यानं, सराईतपणे.

मी म्हटलं, "तू? तू पांढरा करतेस?"

"मग कोण करणार? दर शनिवारी करते. आणि ती मेली पुन्हा लाल करून जाते."

"कोण ती?"

"सात नंबरवाली! जिवंतपणी पळाली, मेल्यावरही पळते. मी म्हणते, नाही जायचं. बाबांना सोडून गेलीस ना, आता जाशीलच कशी? इथंच राहा, डोळ्यांसमोर. दर शनिवारी येऊन तिला परत आत घालते."

मला हसू यायला लागलं, आणि रडूही, दोन्ही एकदम, म्हणून ठसका लागला. नऊ वर्षं मी तिच्या बाबांना घाबरत होते आणि ती तुम्हाला. आम्ही दोघी एकमेकींची भुतं. मंगळवार आणि शनिवार, मध्ये कधी गाठ पडली नाही.

"ती मेलेली नाही," मी म्हटलं.

"मग लाल कोण करतं?"

"मी."

मग मी सांगितलं. उभ्याउभ्याच, फिनेलची बाटली हातात धरून. लेकीचा पाय, केसपेपर, फळा, रांग, दोन बोटं. तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाली, "रांगेत वेगळा दिसला म्हणून?"

"हो."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी."

ती खाली पायरीवर बसली. माझ्या हातातलं फडकं ओढून घेतलं आणि त्यात नाक शिंकरलं. फिनेल लागलेलं फडकं. पाच मिनिटं नुसती खोकत होती, मी तिची पाठ चोळत होते, आणि मला समजत नव्हतं की हा हात मी तिच्या पाठीवर ठेवावा की नाही. तिनं झटकला नाही. झटकायला हवा होता.

"बाजारभर मी त्या बाईला शिव्या घातल्या," ती म्हणाली. "गिऱ्हाइकांना सांगितलं. मास्तरला ती गोष्ट मीच सांगितली. विषाचंसुद्धा मीच. मला वाटलं, तिनं घ्यायलाच पाहिजे होतं. मग बिल्ला फिरायला लागला आणि मलाच ते खरं वाटलं."

"खरी बाई समोर उभी आहे. घाल शिव्या."

"आत्ता त्राण नाही. नंतर घालीन." मग तिनं फळ्याकडे पाहिलं. "बाबा कशाला उठले असतील गं?"

"माहीत नाही."

"पाणी हवं असेल का?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "खरंच माहीत नाही." हे मात्र खरं होतं.

ती उठली. म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग? मी थोडंच छापते? चल. मास्तर झोपला असेल तर उठवू."


ता. ९ मार्च

प्रिय वन्सं,

मास्तर झोपलेच होते. शिवणवालीनं दार इतकं वाजवलं की शेजारी बाहेर आले. आम्ही दोघी आत गेलो, एक फडक्यातली, एक डोळे सुजलेली, आणि मास्तरांनी बनियनवर सदरा चढवत विचारलं, "काय, भूत सापडलं?"

"दोन सापडली," शिवणवाली म्हणाली. "लिहून घ्या."

मी सांगत गेले, ते लिहीत गेले. मध्ये त्यांनी लिहिलं, "सदर महिलेने अनवधानाने बिल्ल्याची बाजू बदलली." शिवणवाली म्हणाली, "मास्तर, सोपं लिहा. ही दहावी पास आहे, हिला कळेल असं." तर आता असं आहे: "फळ्यावर एकच बिल्ला लाल दिसला म्हणून मी तो पांढरा केला. नर्सनं तो लाल केला होता. चौकशीत विचारलं तेव्हा मी, माझं लक्ष नव्हतं, असं खोटं सांगितलं. खोटं नर्स बोलली नाही, मी बोलले." खाली माझी सही. साक्षीदार म्हणून शिवणवालीची. मास्तरांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, पुस्तकातली भुताची गोष्ट तशी अर्धीच राहिली, पण ही छापतो. नंतर कुणीतरी सांगितलं की भूत काढल्यामुळे आधी ठरलेली सहा गिऱ्हाइकं कमी झाली. मी सांगितलं, एक प्रत मी घेते.

तुमच्या दादांना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ताट वाढून. मुद्दाम, म्हणजे उठून जाता येऊ नये. त्यांनी सगळं ऐकलं. अर्धं जेवले. उरलेलं झाकून ठेव म्हणाले, आजवर कधी म्हणाले नव्हते. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, लेकीशीही नाही. तिसऱ्या दिवशी अंगणात उभे राहून, समोर हॉस्पिटलकडे बघत, पाठमोरे म्हणाले, "पत्ता आहे तुझ्याकडे?"

"आहे."

"मी लिहितो."

कागद घेऊन बसले. "चि. ताई" एवढं लिहिलं आणि संध्याकाळपर्यंत बसले. कागद मी या पाकिटात घातलाय. त्यावर दोनच शब्द आहेत, पण पान खूप वेळ धरलंय, कोपरे मऊ झालेत, ते तुम्हाला कळेल.

लेक माझ्याशी नीट बोलत नाही. तिच्या पायामुळे हे झालं, असं तिनं घेतलंय. मी म्हटलं, तुझ्या पायामुळे नाही, माझ्या हातामुळे. ती म्हणाली, "आत्याचा चेहरा मला आठवत नाही गं. पट्टी बांधताना तिची बोटं गार होती, तेवढं आठवतं." तुम्ही उत्तर देणार असाल तर मला नका देऊ, तिला द्या.

तुमच्या कागदपत्रावर तो शेरा आहे, हे मला माहीत आहे. म्हणून तुम्ही चादरी धुता आणि खाटेपाशी जात नाही. माझ्या सहीच्या कागदाची नक्कल नव्या हॉस्पिटलात दिली आहे. त्यांनी शिक्का मारून घेतली. त्याचा उपयोग होईल का, हे तिथल्या कारकुनालाही सांगता आलं नाही. दर सोमवारी जाऊन विचारणार आहे. त्याला अजून कल्पना नाही, कोणाशी गाठ आहे.

तुम्ही माफ करावं असं मी लिहिणार नाही. शिवणवालीनंही केलेलं नाही. परवा लेकीचे कपडे तिच्याकडे टाकले, तिनं घेतले, आणि माप घेताना मला म्हणाली, "शिव्या अजून बाकी आहेत, लक्षात ठेव." मी म्हटलं, ठेवते.

एकच राहिलं. पाडायच्या आधी फळा कुणीतरी भंगारात नेणारच होतं. शिवणवालीनं कात्रीच्या टोकानं तुमचा खिळा सैल केला आणि बिल्ला काढला. मी तिला म्हटलं, तू ठेव. ती म्हणाली, "मी कशाला? माझे शनिवार संपले." तो मला दिला.

मी तो पुसला नाही. आमच्या दारामागे, जिथं तुमची पिशवी टांगलेली असायची, त्याच खिळ्याला लावलाय. लाल बाजू वर आहे. दिवसातून दहा वेळा त्याच्यासमोरून जाते. आजूबाजूला सगळं सरळ लावलेलं, तो एकटाच जरा कलता लटकतो, खिळा वाकडा आहे म्हणून. नजर जाते. हात शिवशिवतो.

आलात की तुम्हीच फिरवा. मी हात लावणार नाही.

तुमची,
वहिनी